ईसीजीच्या कपाटाची किल्ली : छोट्या कॅज्युअल्टीत वेळ कसा वाचवायचा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांत मी एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची नऊ वर्षं कॅज्युअल्टीची इनचार्ज होते. आता निवृत्त झाले, घरी पोफळीला पाणी घालते, तरी नव्या मुलींचे फोन येतातच. 'सिस्टर, आमच्याकडे पेशंट फार ताटकळतात हो. काय करू?' एकेकीला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते. बरंचसं कॅज्युअल्टीत ड्युटी करणाऱ्यांसाठी आहे. शेवटचा भाग पेशंट घेऊन येणाऱ्यांसाठी आहे, कारण आमच्या दारात गाडी लागण्याआधीच बराच वेळ पाखाडीवर, म्हणजे घराकडच्या पायऱ्यांच्या वाटेवर, आणि ओटीवर गेलेला असतो.

आधी एक वही घ्या

नवं मशीन मागू नका. स्टाफ कमी आहे असा अर्ज जरूर करा, पण त्याच्या उत्तराची वाट बघत बसू नका. शंभर पानी वही घ्या आणि एका पेशंटचा रिक्षातून उतरल्यापासूनचा प्रवास घड्याळ बघून लिहा. दिवस सोमवारचा निवडा. सोमवारी ओपीडी तुडुंब असते आणि सगळी दुखणी उघडी पडतात.

माझ्या वहीचं पहिलं पान मात्र मी दुसऱ्या दिवशी लिहिलं, सगळ्यांना विचारून विचारून. जयगडच्या बाजूचा एक तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा म्होरक्या, होता, पन्नाशीचा. सकाळी जाळी ओढताना छातीत भरून आलं. घरच्यांनी लिंबू-सोडा पाजला. पडलं नाही बरं तेव्हा रिक्षात घालून आणला. पान असं आहे :

९.१० रिक्षा पोर्चमध्ये. ९.१३ मामा (वॉर्डबॉय) ट्रॉली शोधायला गेले. ट्रॉली एक्स-रेच्या दाराशी. ९.२१ पेशंट आत, मुलगा केसपेपरच्या लाइनीत. ९.३८ केसपेपर आला. ९.४० ईसीजी काढायला सांगितलं. मशीन कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली रात्रपाळीच्या सिस्टरच्या पर्समध्ये, ती घरी जाऊन झोपलेली. ९.५८ किल्ली आली. १०.०४ ईसीजी निघाला. १०.१६ डॉक्टर ओपीडीतून आले.

छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी दारात आल्यापासून दहा मिनिटांत निघाला पाहिजे, हा जगभरचा नियम. आम्हाला चोपन्न मिनिटं लागली. ट्रॉली ढकलणं, वायरी लावणं, पट्टी काढणं अशी हात लावून केलेली कामं मोजली तर सहासष्ट मिनिटांत दहासुद्धा भरली नाहीत. बाकी सगळा वेळ एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मधल्या मध्ये सांडला. तांडेल वाचला. पण हृदयाचा पंप निम्मा गेला, बोटीवर जाणं सुटलं. आता जेटीवर बसून दुसऱ्यांची जाळी विणतो. मला बघितलं की हात करतो. तो हात बघून मला अजून कसंतरी होतं.

कपाटाला कुलूप का होतं, तर वर्षभरापूर्वी मशीनची एक वायर चोरीला गेली होती. म्हणून मीच लावायला सांगितलं होतं. हे लिहायला हवं.

तुमच्या वहीत दहा पेशंट झाले की बघा. प्रत्येक ठिकाणची गळती वेगळी असते. कुणाकडे केसपेपर, कुणाकडे लॅब, कुणाकडे 'डॉक्टर क्वार्टरवर आहेत'. सगळ्यांत मोठं भोक आधी बुजवा. सगळीकडे एकदम हात घातलात तर महिन्याभरात पुन्हा जैसे थे.

केसपेपर पेशंटच्या मागून येऊ दे

लाइनीत उभा राहायचा तो नातेवाईक, पेशंट नव्हे, असं सगळेच म्हणतात. तरी 'पेपर आणा मग बघू' हे वाक्य तोंडात इतकं बसलेलं असतं की आपोआप निघतं. आम्ही कॅज्युअल्टीच्या टेबलावरच नंबर घातलेले कोरे पेपर ठेवले. नाव माहीत असेल तर नाव, नसेल तर 'अनोळखी पुरुष, निळा शर्ट', आलेली वेळ, आणि काम सुरू. खिडकीवरची नोंद मागाहून. क्लार्क पहिले आठ दिवस कुरकुरला. हिशेब जुळतोय म्हटल्यावर गप्प झाला.

पोलीस केस असली तरी हेच. परमानंद कटारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली स्पष्ट सांगितलं आहे की जखमीवर ताबडतोब उपचार करणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे आणि कायदेशीर सोपस्कार त्याच्या आड येता कामा नयेत. एमएलसीचं, म्हणजे पोलीस केसचं, रजिस्टर टाके घालून झाल्यावरही भरता येतं. महामार्गावरून जखमीला उचलून आणणारा ट्रकवाला दारातच घुटमळत असतो, आपल्याला पोलीस अडकवतील म्हणून. त्याला सांगा की मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १३४-अ कलम घातलंय, मदत करणाऱ्याला आता संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती नाही. मग तो बाबा अपघात किती वाजता झाला ते नीट सांगतो, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

दारात एक माणूस, आणि त्याचे डोळे

ट्रायेज हा शब्द मोठा वाटतो. काम इतकंच की आलेल्या प्रत्येकाकडे पहिल्या दोन-तीन मिनिटांत एका जाणत्या माणसानं बघायचं आणि ठरवायचं : लाल, पिवळा की हिरवा. लाल म्हणजे आत्ता. पिवळा म्हणजे थांबेल, पण नजरेसमोर. हिरवा म्हणजे बसू दे, चहा पिऊ दे. आम्ही रंगीत चिकटपट्टी केसपेपरच्या कोपऱ्याला लावायचो, शिलाईच्या दुकानातली.

हे काम सगळ्यांत नवख्या मुलीला देऊ नका. सगळीकडे उलटं होतं. अनुभवी सिस्टर आत इंजेक्शन भरते आणि दारात पहिल्या महिन्यातली पोर. दारात अनुभवी बसवा.

बघायचं काय? पूर्ण वाक्य एका दमात बोलतो का. श्वास मोजा, पूर्ण मिनिटभर. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणारी मी कैक वेळा पकडलीय. माणूस खालावताना पहिल्यांदा बिघडतो तो श्वास, आणि पहिल्यांदा चुकवतो आपण तोच. हात हातात घ्या. मे महिन्यात आपल्याकडे कलेक्टरलाही घाम असतो, त्यामुळे नुसता घाम बघून काही कळत नाही. घाम आहे आणि हात गार आहे, तो लाल. शुद्धीत गोंधळलेला, बडबडणारा माणूस दारू प्यायलाय असं म्हणण्याआधी बोटावर टोचून शुगर बघा. शिमग्यात एकदा असाच एकजण 'चढलीय त्याला' म्हणून पाऊण तास बाकावर आडवा होता. शुगर चाळीसच्या खाली. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून गेल्यावर उठून बसला आणि भाऊ कुठाय विचारू लागला.

आपल्या भागातली काही सोंगं ओळखून ठेवा. भातलावणीच्या दिवसांत ताप, लाल डोळे, पोटऱ्यांत असह्य दुखणं आणि लघवी कमी, हा 'साधा ताप' म्हणून हिरव्यात बसवू नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो. पहाटे पोट दुखतं, उलटी झाली, डोळे उघडवत नाहीत, असं म्हणणारा आणि रात्री जमिनीवर झोपलेला माणूस आला तर मण्यार चावलेली असू शकते. तिची जखम बहुतेक वेळा दिसत नाही, दुखतही नाही. पापण्या वर उचलता येतात का ते बघा.

विंचवाचंही तसंच. नुसतं ठणकतंय आणि माणूस ओरडतोय, तर तो बरा. ओरडायचा थांबलाय, घाम फुटलाय, हातपाय गार पडलेत, उलट्या होतायत, त्याच्याकडे धावा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणातली कितीतरी पोरं वाचली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लाखाचं मशीन लागत नाही, गोळी लागते. ती इमर्जन्सी ट्रेमध्ये असायला हवी, स्टोअरमध्ये नव्हे. स्टोअर पाचला बंद होतं.

आणि बाकावरच्यांकडे दर अर्ध्या तासानं पुन्हा बघा. पिवळा लाल होतो. कुणाला सांगून होत नाही.

किल्ली, ट्रॉली, जेली

आमच्याकडे सगळ्यांत जास्त वेळ या फुटकळ गोष्टींत वाचला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ट्रॉलीची जागा जमिनीवर पिवळ्या ऑइलपेंटनं आखली. पोर्चच्या आत, उजव्या हाताला. एक ट्रॉली, एक व्हीलचेअर. वॉर्डात पेशंट सोडून आलेल्या मामांनी ट्रॉली तिथं लावल्याशिवाय तंबाखू मळायची नाही, एवढाच नियम. मामांनी तो माझ्यापेक्षा कडक पाळला, कारण शोधाशोध त्यांनाच करावी लागायची.

ईसीजी मशीन कपाटातून काढून चाकाच्या टेबलावर ठेवलं आणि टेबलाला सायकलची साखळी घातली. तिची किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला. टेबलाच्या खालच्या खणात पेपरचा जादा रोल, जेली, रेझर आणि एक जुनी चादर. रेझर कशाला, तर केसाळ छातीवर वायरीचं टोक चिकटत नाही. चादर कशाला, तर बाईचा ईसीजी काढायला आडोसा शोधण्यात पाच मिनिटं जातात. दोन खिळे, एक दोरी, चादर, झाला पडदा. जेली संपली तर सलाईनमध्ये भिजवलेला कापूस चालतो. पावसाळ्यात लाईट जाणार हे ठरलेलंच असतं, म्हणून मशीनची बॅटरी रोज रात्री चार्जिंगला लावायची आणि लावली अशी सही करायची. ईसीजी निघाला की डॉक्टर येईपर्यंत हातात धरून उभं राहायचं नाही. डॉक्टर ओपीडीत असतील तर ओपीडीत घुसायचं. पट्टी नाकासमोर धरायची. दहा सेकंद लागतात त्यांना.

सर्पदंशाचा ट्रे वेगळा करा. आपल्याकडे फुरशांची, त्या छोट्या विषारी सापांची, कमी नाही. जांभ्याच्या गडग्यात (दगडी कुंपणात) हात घातला, पातेरा (वाळका पाला) गोळा करताना पाय पडला, की आलाच पेशंट. फुरसं आणि घोणस रक्त गोठू देत नाहीत, म्हणून वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करतात. दोन मिली रक्त, कोरडी स्वच्छ काचेची नळी, वीस मिनिटं न हलवता ठेवायची, मग तिरकी करून बघायचं. सोपं वाटतं ना? आमच्याकडे काचेची नळीच सापडायची नाही. सापडली तर कुणीतरी साबणानं घासलेली असायची, आणि साबणाचा अंश राहिला की चाचणी खोटं बोलते. प्लॅस्टिकची नळी चालत नाही. नव्या कोऱ्या काचेच्या सहा नळ्या डब्यात घालून त्यावर 'फक्त साप' असं लिहून ठेवा. रक्त घेतलं त्या क्षणी मोबाइलवर गजर लावा. नाहीतर वीस मिनिटांची पस्तीस होतात आणि मधल्या काळात कुणीतरी नळी हलवून बघतो.

प्रतिविषाच्या बाटल्यांतली पावडर विरघळवणं, इथं खरी मेख आहे. सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या लागतात. प्रत्येकीत दहा मिली पाणी घालायचं आणि हळूहळू गोल फिरवायचं. घाईत खळाखळा हलवली की फेस येतो आणि मग तो बसेपर्यंत थांबा. एकटी सिस्टर दहा बाटल्या करत बसली तर पेशंटकडे बघणार कोण? डॉक्टरांनी 'लावा' म्हटलं की दोघींनी पाच-पाच घ्यायच्या. आमच्या फळ्यावर रोज सकाळी शिल्लक बाटल्यांचा आकडा लिहायचो. आकडा वीसच्या खाली गेला की जिल्ह्याला फोन. रात्री दोन वाजता फ्रीज उघडून 'अगो बाई, चारच आहेत' म्हणायची वेळ येता कामा नये.

एसटीच्या वेळेची खाट

आता एक गोष्ट जी कॅज्युअल्टीत घडत नाही, पण कॅज्युअल्टी तुंबते तिच्यामुळेच. पेशंटला भरती करायचं ठरलं, पण वर वॉर्डात खाट नाही. मग तो आपल्याकडेच ट्रॉलीवर. दुसरा आला, तो जमिनीवर. तिसऱ्याला ठेवायला जागा नाही. आपण म्हणतो स्टाफ कमी, डॉक्टर कमी. मी दोन आठवडे वॉर्डाच्या फेऱ्या मारल्या तेव्हा कळलं की रोज चार-पाच खाटांवर डिस्चार्ज झालेली माणसं बसलेली असतात. राउंड दहाला, डिस्चार्ज कार्ड बाराला, औषधं साडेबाराला, आणि गावची एसटी तीनला. तोवर खाट त्यांचीच. त्यांची तरी काय चूक? बाहेर पाऊस, बसायला जागा नाही, म्हातारी माणसं.

दोन गोष्टी केल्या. उद्या घरी जाणाऱ्यांची नावं आदल्या संध्याकाळीच ठरवायची आणि नातेवाइकांना सांगायचं, म्हणजे कार्ड आणि औषधं सकाळी तयार. आणि ड्रेसिंग रूमच्या शेजारची अडगळीची खोली रिकामी केली, चार खुर्च्या, पंखा, पाण्याचा माठ ठेवला. एसटीची वाट तिथं बघायची. वॉर्डाच्या सिस्टर आधी रागावल्या, आमच्या कामात नाक का खुपसते म्हणून. अकरा वाजता खाट मिळायला लागली तेव्हा कॅज्युअल्टीतली गर्दी आपोआप ओसरली. मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांची रडगाणी वाचली तर तीही हीच असतात. फक्त एसटी नसते.

आठ, दोन, आठ

पाळी बदलताना अर्धा तास कॅज्युअल्टीला कुणी वाली नसतो. जाणाऱ्याचं मन एसटीत, येणाऱ्याचं रजिस्टरमध्ये. ओव्हर, म्हणजे पेशंटांची माहिती पुढच्या पाळीला, टेबलावर देऊ नका, खाटेपाशी द्या. प्रत्येकाबद्दल तीन वाक्यं : काय झालंय, काय दिलंय, कशाची वाट बघतोय. तिसरं वाक्य विसरतं आणि मग पाठवलेलं रक्त लॅबच्या खिडकीत दुपारपर्यंत पडून राहतं.

रेफर करताना

'वर पाठवा' हे ठरायला कधी कधी दोन तास लागतात आणि निघायला आणखी एक. आपल्याकडे काय करता येत नाही ते पहिल्या दहा मिनिटांतच माहीत असतं. तेव्हाच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत बाकीचं करता येतं. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी, त्यांतल्या २३३ जास्त सुसज्ज, बाकी साध्या. म्हणून फोनवर 'गाडी पाठवा' एवढंच म्हणू नका. पेशंटला श्वासाची नळी आहे का, ऑक्सिजन किती लागतोय, ते सांगा, म्हणजे योग्य गाडी येईल.

पुढच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांशी बोलून त्यांचं नाव चिठ्ठीवर लिहा. नाव असलं की तिथल्या दारात 'कुणी सांगितलं पाठवायला?' हा तमाशा होत नाही. दिलेल्या औषधांच्या वेळा लिहा, आणि ईसीजीचा फोटो गाडी सुटण्याआधीच पाठवा.

ऑक्सिजनचा हिशेब करा, हात जोडून सांगते. लहान बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर साधारण १५०० लिटर. मिनिटाला दहा लिटर लावला तर दीडशे मिनिटं, म्हणजे अडीच तास. रत्नागिरीहून आंबा घाटानं कोल्हापूर तीन तासांचा रस्ता, पावसात धुकं आणि दरड धरली तर कितीही. घाटाआधीच्या साखरप्याला पोचल्यावर काटा बघण्यात अर्थ नाही. दुसरा सिलिंडर घ्या.

हृदयविकाराचा झटका असेल आणि अँजिओप्लास्टी होते त्या ठिकाणी दोन तासांत हात लागणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथंच देऊन मग पाठवायचं, असं आता सगळे हृदयरोगतज्ज्ञ सांगतात. ते द्यायचं तर दारात आल्यापासून अर्ध्या तासात. निर्णय डॉक्टरांचा. आपलं काम म्हणजे औषध फ्रीजमध्ये आहे, कुणाला देऊ नये त्याची यादी भिंतीवर आहे, आणि दोन्ही हातांत लाईन (शिरेतली सुई) घेतलेली आहे. हा प्रश्न घाटात गाडी अडकल्यावर विचारण्यासारखा नाही.

आकड्यांच्या मागे लागू नका

रजिस्टरमध्ये तीन रकाने वाढवा : आला, डॉक्टरांनी पाहिला, इथून हलला. आठवड्याला एकदा सगळे मिळून बघा, चहा घेऊन, कुणालाही न झापता. झापलंत की पुढच्या आठवड्यापासून सगळे पेशंट पाच मिनिटांत बघितलेले दिसतील. इंग्लंडात या शतकाच्या सुरुवातीला नियम झाला की इमर्जन्सीत आलेल्याचा चार तासांत निकाल लागला पाहिजे. फायदा झालाच. पण तिथल्या नोंदींत असंही दिसलं की पुष्कळ पेशंट नेमके चार तास पुरे व्हायच्या शेवटच्या काही मिनिटांत हलवले जात होते. साहेबाच्या देशात होतं तर आपण कोण?

आता पेशंट आणणाऱ्यांसाठी

गणपतीत घरी आलेले चाकरमानी मला हे नेहमी विचारतात, कारण म्हातारे आईवडील इथं आणि ते मुंबईत.

घर रस्त्यापासून किती खाली आहे ते एकदा मोजा. १०८ ची गाडी पाखाडी उतरत नाही. खुर्चीला दोन वासे बांधून उचलायची तयारी असलेली चार पोरं वाडीत कोण, त्यांचे नंबर ओटीवरच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. आंब्याच्या किंवा माडाच्या झाडावरून पडलेल्याला मात्र खुर्चीत बसवायचं नाही. सरळ, आडवा, फळीवर किंवा काढलेल्या दारावर, मान न हलवता. फोनवर पत्ता सांगताना घराचं नाव सांगू नका, ते ड्रायव्हरला काय माहीत? शाळा, देऊळ, एसटीचा थांबा सांगा आणि एका पोराला बॅटरी घेऊन रस्त्यावर उभा करा. खाडीपलीकडच्यांनी रात्री फेरीबोट बंद झाल्यावरचा रस्ता आधीच ठरवून ठेवावा. तवसाळहून जयगडचा दिवा समोर दिसतो, पण गाडीनं जायचं तर केवढा वळसा पडतो ते तिथल्यांना सांगायला नको. बाळंतपणासाठी १०२ ची गाडी फुकट येते, तो नंबर आठव्या महिन्यातच सुनेच्या फोनमध्ये घाला.

तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं बोबडं झालं, तर चोळू नका, झोपवून 'सकाळी बघू' म्हणू नका. गुठळी विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि ते तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. रात्री दहाला नीट होता, सहाला असा दिसला, तर डॉक्टर दहापासून धरणार. म्हणून वेळ लक्षात ठेवा. आणि आधी फोन करून विचारा, सीटी स्कॅन कुठं चालू आहे. जिथं नाही तिथं आधी नेऊन तास घालवू नका.

सापाच्या बाबतीत बांधणं, कापणं, चोखणं काही नको. अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढा, सूज आली की मग कापावं लागतं. साप मारून पिशवीतून आणू नका. आमच्या टेबलावर एकानं जिवंतच सोडला होता, तेव्हा सगळ्यांत चपळ मीच ठरले.

एक कापडी पिशवी दाराच्या मागे अडकवून ठेवा. जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं (पाकिटंच हवीत, 'ती लाल छोटी गोळी' हे मला एकतीस वर्षांत कळलं नाही), आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स. महात्मा फुले योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, भरती झाल्यावर त्याला गाठा. इमर्जन्सीत फोनवरून मंजुरीची सोय आहे, कागदांसाठी पेशंटला दारात थांबवू नये. आम्हाला माहिती सांगायला एकच माणूस पुढं करा, ज्यानं झालेलं डोळ्यांनी बघितलंय तो. सहा जण एकदम बोलले की कुणाचंच कळत नाही. बाकीच्या पाचांनी पोर्चमधून रिक्षा बाजूला घ्यावी. मागून दुसरी गाडी येत असते.